राखीव माणसाचा मार्च

ऑर्चर्ड पार्क, बफेलो
२ मार्च

वेंडेल,

घर तापवणारी तळघरातली भट्टी पुन्हा गुरगुरायला लागली आहे. तिची हवेची गाळणी कोणत्या मापाची आणायची हे तुलाच ठाऊक, म्हणून लिहिते आहे. दुसरं काही कारण नाही.

फोन करता आला असता, हे मलाही कळतं. पण फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं, मग मागून तुझी आई विचारते, कोण, कोरीन का, आणि आपण दोघंही एकदम गोड बोलायला लागतो. त्यापेक्षा पत्र बरं. जॅक्सनव्हिलला तू पहिल्यांदा फुटबॉलच्या सरावाच्या शिबिराला गेलास, तेव्हा तो म्हातारा कोच जेवणं झाली की सगळ्यांचे फोन टोपलीत गोळा करायचा आणि मी तुला रोज लिहायचे. तू उत्तर द्यायचास ते खेळाच्या आराखड्यांच्या पाठकोऱ्या पानांवर. एका बाजूला माझ्यावरचं प्रेम आणि दुसऱ्या बाजूला फुल्या आणि बाण. संघाची गुपितं बायकोला पाठवतो म्हणून त्याने तुला उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. तेव्हा आपल्याकडे एक गादी, दोन खुर्च्या आणि एक पंखा एवढंच होतं, आणि पंखाही शेजाऱ्याचा. मला ते दिवस हल्ली फार आठवतात.

मार्गो बरी आहे. शाळेच्या बँडमध्ये तिला ट्रॉम्बोन दिला आहे, तो लांबलचक पितळी कर्णा. ती वाजवते तेव्हा भट्टी गप्प बसते.

जानेवारीत आईकडे निघालास तेव्हा आठवडाभर म्हणाला होतास. नेब्रास्कातला आठवडा बराच लांबीचा असतो असं दिसतंय.

माझं म्हणणं तेव्हा होतं तेच आहे. इतकी वर्षं आपण विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरलो, मी एका शब्दाने बोलले नाही. बरं, बोलले असेन, पण सामान बांधता बांधता बोलले. आता नाही. माणसाला दात बत्तीसच, फ्लोरिडात काय आणि टेनेसीत काय, पण ते साफ करायचा परवाना दर राज्यात नवा. मला आता पुन्हा परीक्षेला बसायचं नाही. आणि मार्गोला आयुष्यात पहिल्यांदा एक मैत्रीण अशी मिळाली आहे, जिच्या दोन वाढदिवसांना ती गेली.

तुझंही म्हणणं मला पाठ आहे. राखीव क्वार्टरबॅकला, चेंडू फेकणारा मुख्य माणूस पडला तरच आत जाणाऱ्याला, आवडनिवड नसते, जो बोलावेल त्याच्या मैदानाच्या कडेला टोपी घालून उभं राहायचं. पुढच्या आठवड्यात तुझा इथला करार संपतो आणि तू मोकळा होतोस. कुठे सही करायची ते तू ठरव. आम्ही इथेच आहोत.

गाळणीचं माप कळव.

कोरीन


९ मार्च

वेंडेल,

गाळणीचं माप मिळालं. पोस्टकार्डावर तीन आकडे आणि खाली नावाचं पहिलं अक्षर. वीज कंपनीसुद्धा बिलात यापेक्षा जास्त मायेने लिहिते. बरं झालं सासूबाईंनी वेगळ्या डब्यात कोलाचे, त्यांचे ते सारण भरलेले गोड पाव, पाठवले. जर्दाळूचे मार्गोने संपवले, खसखशीचे मी. त्यांना म्हणावं, यंदाचे फार हलके झाले होते, आणि सून अजून सूनच आहे.

आज दुपारी मार्चचा खेळाडूंचा बाजार उघडला. मी दवाखान्यात होते, एका गृहस्थांच्या तोंडात माझे दोन्ही हात, आणि भिंतीवरच्या टीव्हीवर बातम्यांची पट्टी सरकत होती. मी बघणार नव्हते. पण त्या गृहस्थांनीच आ वासलेल्या तोंडाने विचारलं, ते वेंडेल कूचेरा तुमचेच ना? आ वासून माणसं काय बोलतात ते मला समजतं, ती माझी विद्या आहे. मी म्हटलं, सध्या कुणाचेच नाहीत, म्हणून तर बाजारात आहेत.

दरवर्षीचंच आहे. आधी मोठे क्वार्टरबॅक पाटावर बसणार, मग त्यांनी उठवलेले मधले, आणि सगळी पंगत उठली की कुठे काय उरलंय ते बघत राखीव. तोवर आपण स्वयंपाकघरात टेबलावर फोन पालथा ठेवून बसायचो. बघत राहिलं की वाजत नाही, असं तुझं म्हणणं. नॅशव्हिलला तर तू तो फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीखाली ठेवला होतास. वाजला तेव्हा आपल्याला सापडेना, आणि तुझ्या एजंटला, त्या लेनीला, वाटलं आपण भाव खातोय. त्या वर्षी करार जरा बरा झाला.

आणि सिअॅटलचं वर्ष? टीव्हीवर सांगितलं, कूचेरा सिअॅटलला चालला. लेनीही म्हणाला, तोंडी ठरलंय. झालं. मी घरमालकाला घर सोडतो म्हणून कळवून टाकलं, तिथल्या बारमाही पावसासाठी तिघांना पिवळे रेनकोट घेतले. दोन दिवसांनी त्यांनी दुसऱ्याशीच सही केली. बाजारात तुरी, आणि मी इकडे फोडणी देऊन बसलेली. तू रेनकोट चढवलास, अंगणात जाऊन हिरवळीवरचा फवारा सुरू केलास आणि त्याच्याखाली उभा राहिलास. मग मार्गो गेली, मग मी. घरमालक कुंपणापलीकडून बघत होता. त्या दिवसाइतकी मी नंतर कधी हसलेले नाही.

पण सगळ्यात जास्त आठवते ती शनिवारची सकाळ. आठवडाभर तू सरावात समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक व्हायचास, म्हणजे आपल्या पोरांना कळावं रविवारी कुणाशी गाठ आहे. तो चालतो तसं चालायचं, तो ओरडतो तसं ओरडायचं, त्याच्यासारखा चेंडू फेकायचा. ते सोंग शनिवारी तुझ्याबरोबर घरी यायचं. तू दुसराच कुणीतरी होऊन पॅनकेक उलटायचास आणि मार्गो खुर्चीवर उभी राहून ओळखायची. अक्षरं ओळखायच्या आधी तिला देशातले सगळे क्वार्टरबॅक चालीवरून ओळखता यायचे. बालवाडीत बाईंनी विचारलं, बाबा काय करतात? ती म्हणाली, "बाबा दर आठवड्याला दुसरा माणूस होतो." बाईंनी मला एकटीलाच भेटायला बोलावलं होतं.

अजून तुझं नाव पट्टीवर आलेलं नाही. मी बघत नाहीये.

कोरीन


१३ मार्च, शुक्रवार

वेंडेल,

आत्ताच मासळी खाऊन आलो. ईस्टरच्या आधीचे शुक्रवार मांस वर्ज्य, म्हणजे अग्निशमन दलाचा हॉल, कागदी ताटल्या आणि अख्खं गाव. शेजारची लोइस आम्हाला गाडीतून घेऊन गेली. रांगेत पाचजणांनी विचारलं, कुठे चाललाय म्हणे तुमचा? लोइसनेच परस्पर सांगितलं की मासे गार होताहेत, पुढे सरका. बाहत्तरीची आहे, पण रांगेत तिच्यापुढे जायची कुणाची छाती नाही.

आता कामाचं. लेनीचा फोन आला होता. तू उचलत नाहीस म्हणून मला केला. कुजबुजणं हा प्रकार लेनीला येत नाही, त्यामुळे दवाखान्यातल्या सगळ्यांना आता आपली परिस्थिती ठाऊक आहे. ह्यूस्टनवाले तुला घ्यायला तयार आहेत. त्यांच्या मुख्य क्वार्टरबॅकच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आहे. तो बरा होईपर्यंत कुणीतरी खेळायला हवं, आणि तो अर्धा हंगाम तरी येत नाही. म्हणजे टोपी नाही, शिरस्त्राण. दुसरीकडे इथलेही परत बोलावताहेत, पण तिसऱ्या जागेवर. खेळायला नव्हेच, सरावाला. इथले कोच म्हणाले, त्याच्यासारखं सोंग देशात कुणी वठवत नाही.

लेनी म्हणाला, "कोरीन, तो बफेलोच घेईल. तुमच्यासाठी. तू फक्त एक शब्द टाक, संध्याकाळपर्यंत सही होते."

मी म्हटलं, "आणि नाही टाकला तर?"

"तर तो आईच्या परसात उभा राहून विचार करत बसेल, आणि ह्यूस्टनवाले रविवारी दुसऱ्याला घेतील."

मी शब्द टाकते म्हणाले. पण त्याला हवा तो नव्हे.

आधी डिसेंबरचं बोलू. आपण ते बोललोच नाही. तुम्ही त्या आठवड्यात समोरच्या संघाच्या त्या पोराची तयारी करत होतात, जो कमरेतून, आडव्या हाताने चेंडू फेकतो. तू चार दिवस तोच होतास. शनिवारी पॅनकेकसुद्धा आडव्या हाताने उलटलास, आणि मार्गोने बघता क्षणी ओळखलं. रविवारी आपला मुख्य माणूस लंगडत बाहेर आला आणि तुला आत पाठवलं. चारही बाजूंनी माणसं अंगावर आली, आणि तुझा हात, जो कायम कानावरून यायचा, तो कमरेतून आला. त्याचा हात, आणि चेंडूही त्याच्याच माणसांकडे गेला. टीव्हीवर तुमचे दोघांचे फेकतानाचे फोटो शेजारी शेजारी लावून दाखवले. बोलणारे हसत होते. मी आवाज बंद केला.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला मार्गोने विचारलं, "काल कोण होतास, बाबा?" तुला हसवायला विचारलं बिचारीने. तू ताटली बेसिनमध्ये ठेवलीस आणि बर्फ काढतो म्हणून फावडं घेऊन बाहेर गेलास. त्या दिवशी बर्फ पडलाच नव्हता.

तेव्हा घर बदलण्यावरून आपलं भांडण झालं आणि तू गेलास, असं जे आपण सासूबाईंना सांगितलं आहे, ते त्यांच्यापुरतं ठीक आहे. तू माझ्यावर रुसून गेलेला नाहीस, वेंडेल. माझ्यावर रुसला असतास तर मी तुला तिसऱ्या दिवशी परत आणला असता.

आता मला काय हवं ते सरळ सांगते. मला तू इथे हवा आहेस. सकाळी तुझी कॉफी उकळून सांडलेली हवी आहे, तुझे ओले मोजे हीटरवर हवे आहेत. भट्टी गुरगुरली की मला अजून वाटतं, तूच तळघरात आहेस. आणि तरी सांगते, इथे सही करू नकोस.

हा त्याग वगैरे समजू नकोस, तेवढं संतपण माझ्या अंगात नाही. दर आठवड्याला घरी कुणीतरी नवाच माणूस येतो आणि माझा नवरा येत नाही, याला मी कंटाळले आहे. तू इथे राहिलास तर आणखी दोन वर्षं तेच करशील, आणि वर म्हणशील की आमच्यासाठी केलं. ते ओझं मी घेणार नाही, आणि मार्गोवर तर टाकूच देणार नाही. तू ह्यूस्टनला जा. चुकलास तरी तुझ्या हाताने चूक.

आम्ही तिकडे येणार नाही. ते पहिल्या पत्रात लिहिलं तेच आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, माझा इलाज नाही.

लेनीचा फोन उचल.

कोरीन


२० मार्च

वेंडेल,

ह्यूस्टन तर. मला लोइसने सांगितलं, लोइसला टीव्हीने, आणि मार्गोला शाळेच्या बसमध्ये एका दात पडलेल्या मुलाने. जा असं मीच लिहिलं होतं, कबूल. पण जा म्हटल्यावर माणूस निदान दारात येऊन निरोप घेतो. तू आईकडून, विल्बरहून, परस्पर विमानात बसलास. तुला भीती वाटली असणार की इथे आलास तर पाय निघणार नाही. मला तरी तसंच समजायचं आहे, त्यामुळे खरं कारण दुसरं असेल तर कळवू नकोस.

काल सेंट जोसेफचा सण होता. लोइसच्या बहिणीकडे टेबलभर पाव, बिनमांसाचे पदार्थ आणि गोडाचं. लोइसने माझ्या देखत तुझ्या नावाने मेणबत्ती लावली. मी विचारलं, जिंकावा म्हणून का? ती म्हणाली, "जिंकायचं त्याचं तो बघेल. जेवत असावा म्हणून लावली."

बातमी ऐकून मार्गो तळघरात गेली आणि रिकामी खोकी वर घेऊन आली. उघडून, चिकटपट्टी लावून, ओळीने मांडली. काही विचारलंही नाही. तिला वाटलं, मार्च आला, सही झाली, म्हणजे निघायचं. मी आधी पेलाभर पाणी प्यायले. मग आम्ही दोघींनी ती खोकी पायांनी चपटी केली. चांगली नाचून केली.

आणि मग मी हातोडी काढली. आजवर भाड्याच्या भिंतीला मी कधी खिळा ठोकला नाही. परवा ठोकला. आपला कीर्नीचा, कॉलेजातला फोटो दिवाणखान्यात लावला आहे. वाकडा लागला. तुझे त्यात फार केस आहेत. येणारा जाणारा विचारतो, हा कोण?

मार्गो म्हणते, नवरा आहे आईचा, बाहेरगावी असतो.

खांदा जप. तिकडे उकाडा फार, पाणी पीत जा.

कोरीन


५ नोव्हेंबर

प्रिय वेंडेल,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. जादा टपाल भरून उत्तर पाठवते आहे, म्हणजे तुम्ही विमानात बसायच्या आत हातात पडेल. पाच ओळी लिहिल्यास, तुझ्या मानाने कादंबरीच. रविवारी इथल्या संघाशी सामना, म्हणून शनिवारी दुपारी तुमचा संघ बफेलोत उतरणार, संध्याकाळच्या बैठकीपर्यंत तुला मोकळीक, आणि घरी आलो तर चालेल का, 'तू म्हणशील तर'.

त्याचं सांगते. आधी दुसरं.

मार्गोला दर मंगळवारी तुझा फोन येतो, तेव्हा मी भांडी घासते. आपल्याकडे भांडी घासायचं यंत्र आहे हे तुला माहीत आहे, आणि तिलाही. तुझे सगळे सामने आम्ही पाहिले. लोइसकडे, कारण तिचा टीव्ही मोठा आहे आणि ती शिव्या चांगल्या देते. तुम्ही जिंकलात त्यापेक्षा हरलात जास्त. मार्गो म्हणाली, बाबा हरला की उशीवर डोकं ठेवल्यासारखा बाकावर बसायचा, आता ताठ बसतो. मला ते दिसलंच नव्हतं.

परवा बातम्यांत इथल्या संघाच्या कपडे बदलायच्या खोलीतलं दाखवत होते. इथे तुझ्या जागी त्यांनी एक नवा पोरगा घेतला आहे, बोडी नावाचा. मिशी फुटायची आहे अजून. या आठवड्यात सरावात कूचेरा व्हायचं काम त्याला दिलं आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला अर्थच लागला नाही. मग लागला. इतकी वर्षं तू सगळ्यांची सोंगं घेतलीस. आता कुणीतरी आठवडाभर तू होणार, तू चालतोस तसं चालणार, आणि इथली सगळी बचावफळी त्याच्याकडे बघून तुला शिकणार.

वार्ताहराने त्याला विचारलं, अवघड आहे का? त्याने टॉवेलची गुंडाळी केली आणि उभं राहून दाखवलं. म्हणाला, "बाकी सगळं जमतं. पण फेकायच्या आधी तो डाव्या पायावर एक बारीकशी उडी मारतो. ती नाही साधत. का मारतो कुणास ठाऊक. त्याचं त्यालाही माहीत नसेल."

मला माहीत आहे. कीर्नीच्या कॉलेजचं ते मैदान एका बाजूला खचलेलं होतं आणि सगळं पाणी नेमकं तू उभा राहायचास तिथे साचायचं. तू डबक्यावरून टुणकन उडी मारून चेंडू फेकायचास, आणि कोरडं असलं तरी मारायचास. मी गेटपाशी हॉट डॉग विकत उभी असायचे आणि त्या उडीसाठी गिऱ्हाईकांना ताटकळत ठेवायचे. जॅक्सनव्हिलला पहिल्याच उन्हाळ्यात कोचनी ती तुझ्या पायातून काढून टाकली. मला वाटलं होतं, ती गेलीच. ह्यूस्टनला ती परत आली म्हणायची.

मार्गो टीव्हीपुढे उभी होती. म्हणाली, "आई, हा बाबा होतोय." आणि मग मला पहिल्यांदाच तिच्या देखत रडू आलं. तिने मला टॉवेल आणून दिला, भांडी पुसायचा.

आता शनिवारचं. ये. मी मांसाचा रोस्ट करते आहे, गाजरं घालून. तुझ्या आईची रीत, माझ्या हाताची चव, त्यामुळे फार अपेक्षा ठेवू नकोस. फोटो बघून काही बोलायचं नाही, वाकडा आहे हे मला माहीत आहे. रविवारी आम्ही तिघी मैदानावर असू. मार्गो तुझ्या बाजूने ओरडणार आहे, लोइस बफेलोच्या, आणि मी कुणाच्याच नाही. मी डोळे मिटून बसणार आहे, नेहमीसारखी.

ह्यूस्टनला आम्ही आजही येणार नाही. जानेवारीत तुझा हंगाम संपेल, पुन्हा मार्च येईल, पुन्हा लेनी ओरडेल, आणि तू पुन्हा कुठल्यातरी गावी सही करशील. कर. हात आहे तोवर कर. मला आता त्याचा राग येत नाही, आणि तो का येत नाही हे मी तुला शनिवारी सांगणार नाही, कारण मार्गो समोर असेल.

काल लोइस कुंपणापाशी उभी होती. तिने विचारलं, हंगाम संपला की कुठे जाणार गं तुझा नवरा, आईकडे की तिकडेच?

मी म्हटलं, "घरी येणार."

तिने विचारलं, "त्याला सांगितलंस का?"

म्हणून सांगते आहे.

तुझी,
कोरीन